आत्याची कावीळ

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्थेची एक आकृती असते. यकृत मोठं, तांबूस. त्याच्या पोटाशी पित्ताशयाची हिरवी पिशवी. शेजारी जठर, खाली आतड्यांची वेटोळी. आणि यकृतातून निघून, वाटेत पित्ताशयाला भेटून आतड्यात उतरणारी एक बारीक रेघ. माझी आत्या कराडच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायची. ही आकृती रंगीत खडूंनी फळ्यावर काढण्यात तिचा हातखंडा होता. "पण त्या रेघेकडे मी कधी नीट बघितलंच नाही गं," ती नंतर म्हणाली. "परीक्षेत विचारत नाहीत. यकृताला नाव द्या, पित्ताशयाला नाव द्या, झाले गुण. रेघ आपली जोडून द्यायची."

त्या रेघेलाही कर्करोग होतो हे आमच्या घरात कुणाच्या गावी नव्हतं. पित्तनलिकेचा कर्करोग तसा दुर्मीळ. तंबाखूनं तोंडाचा होतो, विडीनं फुप्फुसाचा, एवढं आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. याचं तसं सोपं कारण बहुतेकांच्या बाबतीत हाती लागत नाही. ईशान्य थायलंडमध्ये हा आजार पुष्कळ आढळतो, कारण तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खायची पद्धत आहे आणि त्यांतून एक चपटा कृमी पित्तनलिकेत जाऊन मुक्काम ठोकतो. आत्यानं जन्मात मासा खाल्ला नव्हता. तरी आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "काही घेत होत्या का हो?" कावीळ म्हणजे दारू हे समीकरण इतकं पक्कं, की निवृत्त मास्तरीणबाईंनाही त्यातून सूट नाही.

सुरुवात खाजेनं झाली. तळहात आणि तळपाय. दिवसा कमी, रात्री असह्य. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, तरी खाज. त्वचेच्या एका डॉक्टरांनी खरजेचं औषध दिलं आणि घरातल्या सगळ्यांनी लावा म्हणाले. घरात ती एकटी. मग तिनं ते भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही लावायला लावलं, कारण प्रिस्क्रिप्शनवर तसं लिहिलं होतं. नखं मुळापर्यंत कापली, रात्री हातांत सुती पायमोजे घालून झोपू लागली. पित्त आतड्यात उतरायची वाट बंद झाली की ते रक्तात मागे फिरतं, आणि ही खाज त्याची असते. साध्या अॅलर्जीच्या गोळ्यांनी ती फारशी हटत नाही. हे आम्हाला पुढे कळलं. तोवर खोबरेल तेल, कडुनिंबाचा पाला, गार पाण्यात पाय, सगळं करून झालं होतं.

डोळे पिवळे झालेत हे तिला चष्म्याच्या दुकानात कळलं. दुकानदार तिचाच विद्यार्थी. "बाई, नंबर राहू द्या. आधी रक्त तपासा," म्हणाला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. आत्याचं म्हणणं, "मला सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. लोक मात्र माझ्याकडे बघून दचकायला लागले."

मग माळ. काकूनं कराडजवळच्या एका गावातून काविळीची माळ आणली. कसल्याशा काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले, डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती लांबत गळ्यात येते. आत्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना शाळेत बोलवून याच माळेचा प्रयोग पोरांना दाखवत असे. काड्या ओल्या असताना दोरा त्यांच्याभोवती आवळलेला असतो. काड्या सुकून बारीक होतात, फास सैल पडतात आणि माळ लांबते. माणूस बरा होवो न होवो, ती लांबणारच. काकूचं मन मोडायला नको म्हणून तिनं माळ घेतली. "दोन आण म्हणावं," एवढी अट घातली. एक स्वतः घातली, दुसरी स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. दोन्ही सारख्याच लांबल्या. खुंटीची कावीळ उतरल्याचं तिनं काकूला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. काकू महिनाभर बोलली नाही.

पथ्याचं तर विचारूच नका. तेल बंद, तूप बंद, हळद बंद. फोडणीत हळद नको, कारण ती पिवळी. "हळदीनं कावीळ होत असती तर सांगलीच्या मार्केट यार्डात एक माणूस धड उरला नसता," आत्या म्हणाली आणि पिवळंधमक वरण भातावर ओतून घेतलं. ऊसपट्टा असल्यानं रसाच्या बाटल्या येतच राहिल्या. त्या कोण कुठल्या बर्फातून आणतंय याची काळजी आम्हाला पुढे केमो सुरू झाल्यावर वाटली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिलासा देणारी वाटत होती: तिला दुखत नव्हतं. पोट दुखत नाही, ताप नाही, म्हणजे मोठं काही नसणार. इथे उलटं असतं. खडा अडकला तर बहुधा माणूस कळवळतो. साठीच्या पुढे कुठेही न दुखता कावीळ वाढत जाते, लघवी काळ्या चहासारखी होते, शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा होतो, तेव्हा थांबायचं नसतं. बिलिरुबिन साधारण १.२ च्या आत असायला हवं. तिचं अठराच्या पुढे गेलं होतं.

सोनोग्राफीचा कागद तिनं स्वतः वाचला. यकृतातल्या नळ्या फुगलेल्या, पित्ताशय आकसलेलं, खडा नाही. रिक्षात बसल्या बसल्या तिनं बोटानं हवेत आकृती काढली. "पित्ताशय रिकामं आहे, म्हणजे अडथळा त्याच्या वर आहे. खाली असता तर पित्ताशय फुगलं असतं." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नेमकं हेच सांगितलं, फक्त जास्त पैसे घेऊन.

पित्तनलिकेचा कर्करोग कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. यकृताच्या आत, खाली आतड्याजवळ, किंवा मधोमध, जिथे यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नळ्या एकत्र येतात. खालचा असला तर व्हिपल नावाची मोठी शस्त्रक्रिया करून काढता येण्याची शक्यता असते. मधल्याला क्लाट्स्किन ट्यूमर म्हणतात, गेराल्ड क्लाट्स्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली त्याचं तपशीलवार वर्णन केलं म्हणून. गाठ छोटीशीच असते, कधी नुसता जाड झालेला पापुद्रा. पण जागा अशी की दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अगदी चिकटून. आत्याची गाठ मधली होती, आणि ती दोन्हीकडच्या फाट्यांत शिरली होती.

हे एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयच्या, रिपोर्टात आलं तेव्हा बाबा आणि काका गॅलरीत उभे राहून कुजबुजले आणि एक योजना घेऊन आत आले. ताईला सांगायचं, खडा आहे. नळीतून काढतील. काका तर म्हणाले, फाइल माझ्याकडे राहील. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की कुणाला वावगं वाटत नाही. डॉक्टरही नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारतात, पेशंटला सांगितलंय का? जणू आजार घराला झालाय आणि पेशंट तिथे पाहुणा आहे.

आत्यानं काकांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोनोग्राफीत खडा नाही. सीटीत खडा नाही. मग आता हा आला कुठून, कोयनेतून वाहत?" आणि हात पुढे केला. "फाइल."

काकांनी फाइल दिली. पुढे शेवटपर्यंत ती तिच्याच पिशवीत राहिली. मी कागद बघायचे ते तिच्याकडून मागून. आजारी माणसाची सोबत म्हणजे काय याबद्दल मला जे काही कळलं ते त्या दिवशी कळलं: आजार तिचा आहे, आणि तो तिच्याच हातात ठेवायचा. बाकी सगळं, रांगा, औषधं, रक्ताचे नमुने पोचवणं, आपण करायचं. पण पुढची खुर्ची तिची. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले की मी आत्याकडे बघायचे. थोड्या वेळानं तेही तिच्याकडे बघायला लागत.

हे सोपं नव्हतं, कारण रुग्णालयांना अविवाहित बाई कुठल्या रकान्यात घालावी ते कळत नाही. प्रत्येक संमतिपत्रावर "पेशंटचं कोण?" मी म्हणायचे, भाची. मग दुसरा प्रश्न, मिस्टर? मुलं? एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, सही जेंट्सची लागेल. आत्यानं त्याच्या हातातलं पेन घेतलं, पेशंटच्या जागी सही केली आणि विचारलं, "माझ्या पोटात नळी घालायला माझी सही चालत नाही, असं कुठे लिहिलंय ते दाखव." त्याला ते दाखवता आलं नाही.

या आजाराचा निम्मा उपचार म्हणजे अडलेलं पित्त मोकळं करणं. कावीळ उतरल्याशिवाय केमो देता येत नाही. पुण्यात ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण घालून, आतड्यातल्या पित्तनलिकेच्या तोंडातून वर प्लास्टिकची बारीक नळी बसवतात. उजवी बाजू उघडली, डावी उघडेना. मग बाहेरून, बरगड्यांखालून सुई घालून यकृतातून एक नळी काढली, तिला पीटीबीडी म्हणतात, आणि तिच्या टोकाला पिशवी. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटरच्या आसपास पित्त तयार करतं. ते असं बाहेर वाहून जायला लागलं की पाणी आणि क्षारही जातात. मला वाटायचं, पिशवी भरतेय म्हणजे चांगलंच. तसं नाही. जितकं बाहेर गेलं तितकं पाणी, मीठ, ओआरएस पोटात गेलं पाहिजे, नाहीतर माणूस दोन दिवसांत गळून जातो. पिशवीतलं पित्त सोनेरी आहे की हिरवं, त्यात लालसर झाक आहे का, अचानक कमी झालं का, हे बघायचं. कमी झालं तर आनंद मानायचा नाही, नळी वाकली किंवा तुंबली असेल. वहीत रोज मिलिलिटर लिहायचे. ती वही आत्याच ठेवायची, समास आखून.

कावीळ उतरायला लागली तेव्हा मी ऑफिसात होते. मीटिंगमध्ये फोन आला. मी दचकून उचलला.

"रंग आला गं!"

"कसला रंग?"

"अगं, शौचाला. पहिल्यासारखा."

टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघत होते. मी खरंच टाळ्या वाजवल्या. पित्त पुन्हा आतड्यात पोचतंय याची ती पावती होती. कुठल्याही रक्ततपासणीआधी मिळालेली.

याच सुमारास काकांनी एकदा पेढे आणले. दुर्बिणीतून बारीक ब्रशनं पेशी काढून तपासतात, त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. पण या तपासणीत कर्करोग असूनही पेशी न सापडणं हे नेहमीचंच आहे. नाही सापडल्या म्हणजे नाही असं होत नाही. आत्यानं पेढा खाल्ला, कागद परत वाचला आणि म्हणाली, "हा निकाल राखून ठेवलाय, पास केलेलं नाही." दुसऱ्या खेपेला पेशी सापडल्या. सीए १९-९ नावाच्या रक्ततपासणीचंही असंच. सर्वसाधारण ३७ च्या आत असायला हवं, तिचं हजारात. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाहाकार. पण नुसती नळी तुंबली तरी तो आकडा वर जातो. कावीळ उतरल्यावर तो आपोआप बराच खाली आला आणि ग्रुपवर लोक आत्या बरी झाल्याचे हात जोडलेले चेहरे टाकू लागले. शेवटी मी ग्रुपवर आकडे टाकायचं बंद केलं.

दुसरं मत घ्यायला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. दादरला उतरून परळला. टाटा मेमोरियल १९४१ सालचं. आतली गर्दी बघून माझी छाती दडपली, आत्याचे मात्र डोळे उघडले. रांगेत तिच्यापुढे बिहारचा एक मुलगा, मागे परभणीची बाई. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, कुणाला तिथेही जागा नाही म्हणून फुटपाथवर. गाडगेबाबांनी देवळं न बांधता धर्मशाळा का बांधल्या, हे शाळेत आम्ही निबंधात लिहायचो. परळ-दादरला एक दिवस काढला की निबंध लिहावा लागत नाही. परभणीच्या बाईला आत्यानं रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म समजावून दिला. उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, पण रुग्णालयाचं पत्र लागतं आणि ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पित्ताची पिशवी लपवून माझी आत्या तिथल्या जिन्यावर लोकांचे फॉर्म भरत बसली होती.

शस्त्रक्रिया होणार नाही असं तिथल्या डॉक्टरांनी समोरासमोर सांगितलं. केमो पुण्यात घ्या, औषधं तीच आहेत, प्रवास वाचेल.

पुण्याच्या कॅन्सरतज्ज्ञांकडे तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "किती?"

डॉक्टर थोडे अडखळले. मग त्यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीचे आकडे सांगितले. जेमसिटाबिन हे केमोचं एकच औषध दिलेल्यांत ८.१ महिने, त्याला सिस्प्लाटिन हे दुसरं जोडलं त्यांच्यात ११.७ महिने.

मला खोली फिरल्यासारखी झाली. आत्या पुढे झुकली. "हा मध्य आहे की मध्यक?"

"मध्यक म्हणजे?"

"मीडियन."

"हो, मीडियन."

"मग बरंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दहावीला शिकवलं होतं तुला. सगळ्यांना ओळीनं उभं केलं की मधल्या माणसाचा आकडा तो मध्यक. निम्मी माणसं त्याच्या पुढे असतात. किती पुढे, ते हा आकडा सांगत नाही." डॉक्टर हसले. त्यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न किती पेशंटनी विचारला असेल मला माहीत नाही, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नंतर अर्धा तास ते तिच्याशीच बोलले.

नवं एक औषधही होतं, ड्युरव्हालुमॅब. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणारं, केमोबरोबर द्यायचं. २०२२ मध्ये त्याचे निकाल आले. मध्यक ११.५ वरून १२.८ महिने. बाबा म्हणाले, सव्वा महिन्यासाठी इतका खर्च? आत्यानं डॉक्टरांना दोन वर्षांचा आकडा विचारला. नुसत्या केमोवर शंभरातले दहा, नव्या औषधासह शंभरातले पंचवीस. "म्हणजे मधला माणूस फारसा हललेला नाही, पण शेपूट लांबलंय," ती म्हणाली. खर्च महिन्याला लाखांत होता. बाबा आणि काकांनी लगेच सांगितलं, खालचं शेत विकायला काढू. ती नको म्हणाली. हिशेब कळत नव्हता म्हणून नव्हे, पुरता कळला होता म्हणून. मी तिच्याशी भांडले. आजही रात्री कधी कधी माझं ते भांडण चालूच असतं, आणि मी अजून जिंकलेली नाही.

केमोचं चक्र तीन आठवड्यांचं. पहिला दिवस, आठवा दिवस, मग सुटी. सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला जड, म्हणून सलाइन भरपूर आणि लघवीचं माप. बोटांना मुंग्या, तोंडाला पत्र्याची चव. मेतकूट-भात, नाचणीची आंबील, लिंबाचं जुनं लोणचं एवढंच तिला गोड लागायचं. केस विरळ झाले, गेले नाहीत. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की आठव्या दिवशी परत पाठवायचे. याबद्दल लोकांनी इतकं लिहिलंय की मी थांबते.

ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते तापाबद्दल सांगते. एका संध्याकाळी कराडहून शेजारणीचा फोन आला: बाईंना हुडहुडी भरलीय, दोन गोधड्या घातल्या, दात वाजतायत, क्रोसिन दिलीय, झोपतील आता. नळी घातलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो तुंबलेल्या पित्तात झालेला जंतुसंसर्गच धरायचा. तो रक्तात उतरला की माणूस काही तासांत जाऊ शकतो. सकाळची वाट बघायची नाही. गोळीनं ताप उतरला तरी बघायची नाही. हे आम्हाला डॉक्टरांनी आधी बजावलं होतं आणि आत्यानं ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं. शेजारणीला मी फ्रीजवरचा कागद वाचायला लावला. कराडमध्येच रक्ताचे नमुने घेऊन अँटिबायोटिक सुरू झालं. ड्युटीवरचा डॉक्टर व्हायरल म्हणत होता, पण तापानं फणफणलेल्या आत्यानं त्याच्याकडून नमुने आधी, अँटिबायोटिक नंतर, असं क्रमानं करून घेतलं. मग अँब्युलन्स, रात्रीचा हायवे, खंबाटकीचा बोगदा, आणि पहाटे पुण्यात तुंबलेली नळी बदलली. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांनी बदलावीच लागते. आम्ही तारीख धरून बसलो होतो, नळीनं तारखेची वाट पाहिली नाही.

त्या रात्री अँब्युलन्समध्ये मी तिला काहीही धीर दिला नाही. मी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा वाचत होते आणि ड्रायव्हरला सांगत होते. धीर देणारी माणसं आमच्याकडे चिकार होती. खुर्ची ओढून बसायचे, हात हातात घ्यायचे, "तुम्ही फायटर आहात, ताई" म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. आत्याला हे फायटर प्रकरण बिलकूल आवडायचं नाही. "फायटर म्हटलं की हरल्याचा दोषही माझ्यावर," ती म्हणायची. तिला आवडायचा तो चष्म्याच्या दुकानातला विद्यार्थी. तो आला की काही बोलायचा नाही. पिशवीचं ड्रेसिंग बघायचा, चिकटपट्टी सुटली असेल तर बदलायचा, पाणी गरम करून ठेवायचा आणि आठवीतलं काहीतरी जुनं भांडण उकरून काढायचा.

गाठीतल्या जनुकांचीही तपासणी झाली. काही पेशंटमध्ये विशिष्ट बदल सापडतात आणि त्यांवर चालणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत, पण ते बहुतांशी यकृताच्या आतल्या प्रकारात. आत्याच्यात काही निघालं नाही.

मध्यकाच्या पलीकडे ती गेली. याचा तिला उघड अभिमान होता. मग एका स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली आणि यकृतात नवे डाग. डॉक्टरांनी दुसऱ्या फळीच्या केमोबद्दल सांगितलं. आत्या म्हणाली, आकडे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोसह मध्यक ६.२ महिने, केमोशिवाय ५.३. "आणि वर्षाला?" शंभरातले सव्वीस, विरुद्ध अकरा.

ती बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, शेपटीचा हिशेब ती या वेळी मान्य करेल. बाबांनी तर तारीखही विचारली.

"गुण आहेत," ती म्हणाली, "पण पेपर फार लांब आहे. दर पंधरा दिवसांनी पुण्याला येऊन लिहायचा. मला आता कराडला बसायचंय."

या वेळी मी भांडले नाही. बाबा भांडले, रडले, काकूनं देव पाण्यात ठेवले. काका फक्त एवढंच म्हणाले की ताईचं ताईला कळतं. गॅलरीत फाइल धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं, म्हणून मला ते विशेष वाटलं.

डॉक्टरांनी तिला वेदनाशमनाच्या पथकाकडे सोपवलं. केमो थांबवणं म्हणजे उपचार थांबवणं नाही हे त्या पथकातल्या नर्सकडून मी शिकले. नळी तुंबली तर मोकळी करायची, कारण त्यानं खाज आणि ताप थांबतो. मॉर्फीन वेळेवर द्यायचं, दुखण्याची वाट बघून नाही, आणि त्याच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध विसरायचं नाही. झोपताना पाठीला उशी कुठे लावायची, सुजलेल्या पायांना काय करायचं. पावसाळाभर आत्या कराडच्या घरी खिडकीशी बसली. समोरच्या घरातली मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिला ती रोज अर्धा तास सांख्यिकी शिकवायची. नंतर वीस मिनिटं. नंतर मुलगी नुसती येऊन गणितं सोडवत बसायची आणि आत्या डोळे मिटून उत्तरं ऐकायची. चुकलं की भुवई वर जायची. दसऱ्याच्या आधी ती गेली, घरी, झोपेत. पिशवीतली फाइल काकांनी मला दिली.

आता ओळखीपाळखीतून फोन येतात. कुणाच्या सासऱ्यांना, कुणाच्या आईला कावीळ आहे आणि उतरत नाही. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. मग विचारते: दुखतं का? लघवी कशी आहे, शौचाचा रंग काय, रात्री खाज येते का? सोनोग्राफी झाली का? झाली असेल तर यकृतातल्या नळ्या फुगल्यात असं कुठे लिहिलंय का ते वाचून दाखवा. पोटाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा, माळ घालायची तर घाला, पण गळ्यात घालून जा.

आणि शेवटी विचारते, रिपोर्ट कोणाकडे आहेत? बहुतेक वेळा पलीकडून आवाज खाली येतो. दाराआड गेल्यासारखा. "त्यांना नाही सांगितलंय अजून. घाबरतील."

मी म्हणते, फोन त्यांच्याकडे द्या. काही जण देतात. काही जण नंतर करतो म्हणून ठेवून देतात, आणि त्यांतले थोडे खरंच पुन्हा करतात.